पृथ्वीच्या गोलाच्या बाराव्या चाकीबाबत

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
शनिवार, दिनांक १५ मार्च १९५२, दुपारी सव्वा वाजता

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
विलीन संस्थानांची जंगम मालमत्ता,
मुक्काम खंडवा.

अर्जदार : वामन बळवंत नाफडे, सेवानिवृत्त शिक्षक, वय ६३, हल्ली लोधीपुऱ्यातील मराठी शाळेच्या गोलाचे रक्षक.

विषय : शाळेच्या ताब्यातील ‘पृथ्वीचा गोल, पितळी, १ नग’ भंगारात न काढण्याबद्दल, आणि सदर गोलात कामानिमित्त असलेल्या आपल्या कारकुनाबद्दल.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा दिनांक ३ मार्चचा आदेश, व आज सकाळी सुरू झालेली प्रत्यक्ष तपासणी, जी अद्याप चालू आहे.

महोदय,

१. सर्वांत आधी हे कळवतो की आपले कारकून श्री. वसंत कानडे सुखरूप आहेत. त्यांचा श्वास नीट चालू आहे. दोन केळी आणि अर्धा कप चहा त्यांच्या पोटात गेला आहे, आणि हा अर्ज कसा लिहावा हे ते अर्जदाराला खिडकीतून सांगत आहेत. खिडकी शाळेची नव्हे, गोलाची. वर विषयात अर्जदाराने प्रथम ‘गोलात अडकलेल्या’ असे लिहिले होते. श्री. कानडे यांनी ते खोडायला लावले. “मास्तर, ‘अडकलेल्या’ नका लिहू, साहेब रजा लावतील. ‘कामानिमित्त असलेल्या’ लिहा.” तसे लिहिले आहे.

२. आता हे कसे घडले ते क्रमाने. संस्थाने विलीन झाली त्या साली एका छोट्या संस्थानाच्या कोठीतले सामान गाड्यांवर लादून ठिकठिकाणी पाठवण्यात आले. त्यात राजेसाहेबांनी मुंबईहून मागवलेला पाणबुड्याचा पोशाख होता. त्यांच्या पोपटाचा चांदीचा पिंजरा तलावात पडला होता, तो काढण्यासाठी हा मागवला, असे पेटीतल्या एका चिठ्ठीवरून दिसते. पिंजरा निघाला की नाही ते चिठ्ठीत नाही. ज्या गृहस्थांनी सामानाची यादी केली त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नसावा, आणि त्याबद्दल बऱ्हाणपूरकरांनी त्यांना हसू नये. त्यांच्यासमोर त्या पोशाखाचा टोप आला, एक तांब्या-पितळेची गोल वस्तू. तिला चार काचा होत्या, खाली रुंद बैठक होती. त्यांनी प्रामाणिकपणे विचार करून लिहिले : पृथ्वीचा गोल. मग बाकीचेही त्याच हिशोबाने लागत गेले. रबरी पोशाख ‘गोलाचे आच्छादन, बाह्यांसह’ झाला. शिशाचे दोन बूट ‘गोल हलू नये म्हणून वजने’ झाली. पाण्याखालच्या माणसाला हवा पुरवणारा हातपंप ‘गोल फिरवण्याचे यंत्र’ झाला.

३. आमची शाळा चार वर्षांपासून एका साध्या पृथ्वीच्या गोलासाठी अर्ज करत होती. यादीत गोल दिसताच तो आम्हाला मंजूर झाला. पेटी उघडली त्या दिवशी तेव्हाची चौथीतली शोभा काचेला नाक लावून बराच वेळ आत बघत राहिली आणि म्हणाली, “गुर्जी, पृथ्वी तर आतून रिकामी हाये.” अर्जदार तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. चौतीस वर्षे शिकवून जे कुतूहल त्याला एखाददोन मुलांत पेटवता आले होते ते त्या एका काचेमागे सगळ्या वर्गाच्या तोंडावर दिसले. निवृत्त झाल्यावरही गोलाचा रक्षक म्हणून दर शनिवारी येण्याची परवानगी त्याने मागून घेतली. शाळेला वाटले, म्हाताऱ्याला घरी करमत नाही. तेही खोटे नव्हते.

४. पेटीत इंग्रजीत एक पुस्तिका होती, पोशाखाची निगा कशी राखावी याबद्दल. अर्जदाराने शब्दकोश घेऊन ती मराठीत उतरवली आणि निगेची कामे इयत्तांना वाटून दिली. पहिलीची मुले चाक्या मोजतात. टोपाच्या खाली खांद्यांवर बसणारी एक तांब्याची पाटी असते, आणि ती पोशाखाला बारा चाक्यांनी, म्हणजे नटांनी, आवळली जाते. आमच्या मुलांचा बाराचा पाढा कोणीही कधीही विचारून पाहावा. दुसरीची मुले टोप पुसतात. आपल्या गावचे पाणी चुन्याचे आहे, घागरीत आठ दिवस राहिले की पांढरी खपली धरते, म्हणून टोप कधी वाऱ्यावर वाळू द्यायचा नाही, सुती फडक्याने कोरडा करायचा. तिसरीची मुले रबरी नळीला आणि पोशाखाला शंखजिऱ्याची पूड चोळतात. त्या दिवशी तिसरी ओळखू येत नाही, सगळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसतात. रबराला तेल लागता कामा नये, तेलाने रबर चिकट होऊन फाटते. पंपातल्या चामड्याच्या वाट्यांना मात्र एरंडेल लागते, नाही तर त्या कडक होतात. हे नाजूक काम चौथीकडे आहे.

५. पोशाख धुतला की पाय वर करून टांगावा, म्हणजे आतला ओलावा गळून जातो, असे पुस्तिकेत आहे. आम्ही तो आवारातल्या कडुनिंबाला टांगला. फोपनारकडून केळीची गाडी घेऊन येणाऱ्या एका गृहस्थांनी ठाण्यावर जाऊन सांगितले की लोधीपुऱ्याच्या शाळेत एका माणसाला उलटा टांगला आहे आणि मुले त्याच्या अंगाला पीठ लावत आहेत. हवालदार आले. त्यांनी पोशाखाला हाताने चाचपून पाहिले आणि आत कोणी नसल्याचे लिहून घेतले. तो कागद शाळेत आहे.

६. पोशाखाचा प्रत्यक्ष उपयोग काय, असे आदेशात विचारले आहे. दर वैशाखात शाळेच्या विहिरीतून पडलेल्या बादल्या काढण्यासाठी तो वापरला जातो. आत उतरतो दगा, हा लोधीपुऱ्यातला विहिरी उपसणारा माणूस. एरवी तो छाती भरून श्वास घेतो आणि तसाच बुडी मारतो. पहिल्या वर्षी त्याला पोशाख चढवता चढवता पाऊण तास गेला, तेव्हा तो म्हणाला, “मास्तर, एवढ्यात मी तीन येळा जाऊन आलो असतो.” हे खरे आहे आणि अर्जदार ते लपवत नाही. पण त्या दिवशी चौथीची मुले पाळीपाळीने पंप मारत होती. आपल्या हाताने दाबलेली हवा नळीतून विहिरीच्या तळाशी जाते आणि तिच्यावर एक माणूस जिवंत आहे, हे त्यांना कळले. पंप मारताना एकही मूल बोलले नाही. आमच्या शाळेत एवढी शांतता पूर्वी कधी झाली नव्हती, नंतरही नाही.

७. ३ मार्चच्या आदेशात आपण लिहिले आहे : ‘गोलावर देश, समुद्र व रेखांश दिसत नाहीत. गंजाने पुसले गेले असावेत. सबब गोल निकामी समजून मार्चअखेर भंगारात तोलून द्यावा.’ हा आदेश वाचून अर्जदार दोन दिवस जेवताना घास हातात धरून बसत असे. हा गोल नव्हेच असे कळवावे, तर ती वस्तू यादीप्रमाणे शाळेची राहत नाही. ती कुठल्या तरी सरकारी कोठीत जाईल आणि तिला पुसायला दुसरी इयत्ता असणार नाही. आणि गप्प बसावे, तर ती भट्टीत जाईल. मुलांना आयुष्यभर खरे बोलायला शिकवल्यामुळे अर्जदाराला मधली वाट काढण्याची सवय नाही. शेवटी त्याने ठरवले की आपण काहीच बोलायचे नाही. वस्तू लखलखीत करून साहेबांपुढे ठेवायची, तीच काय ते बोलेल.

८. ती बोलली. आज सकाळी आठ वाजता श्री. कानडे आले. सोबत भंगार घेणारा कडू, त्याचा मोठा तराजू आणि वजने. श्री. कानडे यांनी गोलाला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “हा गोल नाही.” अर्जदार म्हणाला, “नाही.” श्री. कानडे म्हणाले, “पण यादीत गोल आहे.” अर्जदार म्हणाला, “आहे.” मग ते यादी आणि वस्तू यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून अर्जदाराला कळले की हा माणूस वाईट नाही, फक्त नेमका आहे. असे मूल प्रत्येक वर्गात एखादे असते आणि अर्जदाराला ते फार आवडते. अखेर त्यांनी तोडगा काढला. “डोकं आत गेलं तर टोप, नाही गेलं तर गोल. घाला. आणि नुसतं डोकं नको, अख्खं घाला, म्हणजे अहवालात शंका राहणार नाही.”

९. एकतीस मुलांना याहून मोठा सण माहीत नाही. उद्या रंगपंचमी आहे हे ती विसरली. पोशाख चढला, शिशाचे बूट चढले, खांद्यावर पाटी आली, आणि वरून टोप बसवून पाव फेरा फिरवला. समोरची काचेची खिडकी लावण्याची मुलांची फार इच्छा होती. अर्जदाराने तेवढे नको म्हटले, आणि आजच्या दिवसातला त्याचा हा एकच शहाणपणाचा निर्णय. मग पाटीच्या बारा चाक्या. अकरा चाक्या अकरा मुलांनी एकेक करून आवळल्या. राहिलेली वीस मुले रडवेली झाली, कारण चाकी एकच उरली होती, डाव्या खांद्याच्या मागची. अन्याय नको म्हणून अर्जदाराने ती वीसही मुलांना पाळीपाळीने थोडी थोडी आवळू दिली.

१०. डोके आत गेले होते, सबब तो टोप आहे हे सिद्ध झाले. श्री. कानडे यांनी आतूनच तसे जाहीर केले. टोपाच्या आत आवाज घुमतो, त्यामुळे जाहीरनामा फार भारदस्त झाला. पहिलीतल्या मुलांनी विनंती केली, “साहेब, बऱ्हाणपूर म्हणा ना.” ते म्हणाले. मुलांनी आणखी चार वेळा म्हणायला लावले आणि ते चारही वेळा म्हणाले. मग टोप काढायला गेलो तर तो फिरेना. म्हटले हरकत नाही, चाक्या काढून टोप आणि पाटी एकत्र उचलू. अकरा चाक्या कुरकुरत निघाल्या. बारावी जागची हलली नाही. टोप-पाटीचे वजन सत्तावीस शेर आहे. ते श्री. कानडे यांच्या खांद्यावर राहू नये म्हणून टोपाची कडी शाळेच्या घंटेच्या आकड्याला दोरीने बांधून थोडी वर ताणली आहे. त्यामुळे आज दहानंतर तासाची घंटा झालेली नाही आणि मुले गणित की भूगोल या संभ्रमात आनंदाने बसली आहेत. पोशाखाचा गळा कापून साहेबांना काढावे असे एकाने सुचवले. तिसरी इयत्ता त्यावर इतकी हिरमुसली की तो विषय सोडला.

११. कडू तराजू मांडून बाहेर बसला होता. त्याने आत डोकावून विचारले, “मास्तर, साहेबासगट तोलू का साहेब काढून?” आणि पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला. त्याच्या मते एक घाव पुरे. खांद्याच्या पाटीवरची ती आटेदार खुंटी तुटेल आणि साहेब मोकळे. पण खुंटी तुटली की पाटी पुन्हा कधी पाणीबंद होणार नाही, आणि मग आदेशातला ‘निकामी’ हा शब्द पहिल्यांदाच खरा होईल. अर्जदार काही बोलण्याआधी टोपातून आवाज आला, “कडू, अरे भई, लेखी हुकमाशिवाय सरकारी वस्तूला छिन्नी लागणार नाही.” कडू म्हणाला, “पण साहेब, आत तुम्ही हायेत ना.” त्यावर श्री. कानडे म्हणाले, “मी आत आहे म्हणून नियम बाहेर गेला काय?” महोदय, असा कारकून आपल्या कार्यालयात आहे याचा आपल्याला अभिमान वाटावा म्हणून हे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत.

१२. चाकी का अडकली हेही लिहिणे प्राप्त आहे, आणि हा परिच्छेद अर्जदाराला जड जातो. शाळेत झाडलोट आणि पाणी भागाबाई बघतात. अर्जदार नोकरीला लागला त्याच्याही आधीपासून त्या इथे आहेत. खंडव्याहून साहेब येणार हे कळल्यावर त्यांनी काल संध्याकाळी घरची अर्धा शेर चिंच आणि चुलीतली राख आणून टोप, पाटी, चाक्या, सगळे घासून काढले. टोप लग्नातल्या घागरीसारखा झळकत होता. सकाळी तो पाहून अर्जदार इतका हरखला की आट्यांमध्ये डोकावून पाहायचे त्याला सुचले नाही. आट्यांत चिंचेचा गर आणि राख तशीच राहिली होती. वीस मुलांनी आवळल्यावर आणि मार्चच्या उन्हात ती वाळल्यावर काय झाले ते वर आलेच आहे. चाकीच्या कडेला आता हिरवट कळंकही दिसू लागला आहे.

हे लक्षात येताच अर्जदाराने सगळ्या मुलांसमोर भागाबाईंवर आवाज चढवला. “कोणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला?” असे तो म्हणाला. चौतीस वर्षांत त्याने वर्गात आवाज चढवला नव्हता. भागाबाईंनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि त्या निघून गेल्या. मुलांचे हसू तिथेच थांबले.

१३. चूक कुणाची हे ठरवण्यासाठी अर्जदाराने ती जुनी पुस्तिका काढली. तिच्यात गंजावर एक अखंड प्रकरण आहे. पानापानावर खारे पाणी, खारे पाणी असे लिहिलेले. चार वर्षांपूर्वी अर्जदाराने विचार केला होता की समुद्र इथून शेकडो मैल लांब, तापीचे पाणी गोडे, मुलांच्या डोक्यावर हा भार कशाला? आणि त्याने ते प्रकरण मराठीत उतरवलेच नव्हते. आज दुपारी ते त्याने मुलांना आणि श्री. कानडे यांना मोठ्याने वाचून, अर्थ सांगून दाखवले. त्यात लिहिले आहे की मीठ असो, आंबट असो की नुसता ओलावा, धातूच्या दोन आट्यांमध्ये काहीही राहू देऊ नये. घासल्यावर प्रत्येक आटा दाताच्या काडीने कोरावा, स्वच्छ पाण्याने धुवावा, कोरडा करावा, तेलाचे बोट फिरवावे, आणि मगच चाकी लावावी. भागाबाईंनी आयुष्यभर घरची भांडी चिंचेने घासली आणि भांड्यांना आटे नसतात. त्यांना हे सांगणे ज्याचे काम होते त्याने ते सांगितले नाही. सबब या प्रकरणात दोषी कोण असा रकाना आपल्या अहवालात असल्यास तिथे अर्जदाराचे नाव लिहावे.

१४. तरी विनंती अशी. एक, संध्याकाळच्या गाडीपर्यंत चाकीला घासलेटाचे थेंब सोडत राहण्याची व वाट पाहण्याची मुदत मिळावी. वाट पाहणे हे अर्जदाराला चांगले येते. दोन, छिन्नी लावायचीच झाली तर ती चाकीला लावावी, खुंटीला नाही. तो घाव कडूने न घालता अर्जदाराने घालावा आणि त्या वेळी मुलांना सुट्टी द्यावी. तीन, भंगाराचा निर्णय काय तो आपण घ्याल. तो घेण्याआधी एकदा येऊन दुसरीतल्या मुलांची फडकी बघावीत. त्या फडक्यांवर एकही हिरवा डाग सापडणार नाही, आजचा सोडून.

हा अर्ज गाडीने जाणाऱ्या कोणा भल्या माणसाच्या हाती आजच पाठवत आहे. उत्तर तारेने यावे.

आपला नम्र, आणि आज कोपरापर्यंत घासलेटाने माखलेला,

वामन बळवंत नाफडे
(वेळ : दुपारी अडीच)

ताजा कलम, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

महोदय, वरील सही केल्यावर अर्जदार स्वतः भागाबाईंच्या घरी गेला. घर शाळेमागेच आहे. त्या अंगणात तुरी निवडत बसल्या होत्या. अर्जदाराने झाले ते सांगितले, की प्रकरण त्याने गाळले होते आणि बोलणी त्यांना खावी लागली. त्या तुरीतला खडा उचलून म्हणाल्या, “झालं असेल तर सरका, गुर्जी, सावली पडू राह्यली.” अर्जदार सरकला, पण गेला नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “साहेब अजून त्याच्यातच हायेत?” हो म्हटल्यावर त्यांनी सूप खाली ठेवले. “तुमच्या आईचा फिरकीचा तांब्या अडकला म्हणजे तिनं छिन्नी आणली होती का कधी?”

महोदय, आपल्याही घरी असेलच, प्रवासात पाणी न्यायचा, फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. त्याचे झाकण प्रत्येक प्रवासात एकदा तरी अडकते. अर्जदाराने इंग्रजी पुस्तिका तीनदा वाचली होती आणि त्याला तांब्या आठवला नव्हता.

भागाबाई किटलीत उकळते पाणी आणि जुने लुगड्याचे फडके घेऊन आल्या. श्री. कानडे यांचा खांदा व मान ओल्या टॉवेलने झाकली, काचांना हात लागू दिला नाही. गरम फडके फक्त बाराव्या चाकीवर धरले, थंड झाले की पुन्हा बुडवले, असे सात वेळा. मग त्यांनी पाना अर्जदाराच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “आधी घट्ट करा.” श्री. कानडे आतून दचकून म्हणाले, “आणखी घट्ट?” भागाबाई म्हणाल्या, “केसभर. मग सोडा. तिला वाटलं पाहिजे की आपण तिच्याच बाजूचे.” अर्जदाराने केसभर घट्ट केली. किर्र असा आवाज आला. मग सोडली, आणि बारावी चाकी पहिल्यापासून तशीच असल्यासारखी फिरली. एकतीस मुलांनी बाराचा पाढा म्हणायला कोणी सांगितले ते कळले नाही, पण म्हटला, आणि बारी बारा एकशे चव्वेचाळीसला टोप आणि पाटी श्री. कानडे यांच्या डोक्यावरून वर निघाली.

त्यांचे केस उभे राहिले होते. त्यांनी एक तांब्या पाणी प्यायले, तोंड धुतले, खिशातून पेन काढून यादी मागितली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले. त्याची नक्कल पुढीलप्रमाणे :

‘पृथ्वीचा गोल, पितळी, १ नग. तपासणी आतून केली, कालावधी साडेपाच तास. आतून पाहता शाळा, कडुनिंब व एकतीस मुले स्पष्ट दिसतात, फक्त कडेला थोडी वाकडी. गंज एका चाकीवर होता, काढला. गोल चालू आहे. देश व समुद्र दिसत नाहीत ही तक्रार बाहेरून पाहणाऱ्याची आहे. शाळेत ठेवावा.’

अर्जदाराने हा शेरा दोनदा वाचला. त्यात एकही खोटे वाक्य त्याला सापडले नाही, फक्त ‘पृथ्वीचा गोल’ या शब्दांपाशी तो अडला. त्याने तसे विचारले. श्री. कानडे बूट घालता घालता म्हणाले, “मास्तर, ते शब्द माझे नाहीत, यादीचे आहेत. यादी दुरुस्त करायची तर वेगळा अर्ज करा, आणि दुसरा गोलही त्यातच मागा.” तो अर्ज अर्जदार पुढच्या आठवड्यात करणार आहे. आमच्या मुलांना एक गोल समुद्र असलेलाही हवा.

आता हा अर्ज परत घ्यावा असे अर्जदाराला वाटले. पण शाळेच्या जावक वहीत त्याला क्रमांक पडला आहे, आणि क्रमांक पडलेला कागद पोचलाच पाहिजे असे श्री. कानडे यांचे म्हणणे. त्यामुळे तो ते स्वतःच घेऊन येत आहेत. वरील विनंत्या एक व दोन रद्द समजाव्यात. कडू रिकामा तराजू घेऊन गेला. जाताना त्याने टोपावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, “चांगला माल हाये, मास्तर. भट्टीत घालायचा नाही.”

विनंती तीन मात्र कायम आहे. सोमवारी गाळलेले प्रकरण शिकवले जाईल. अर्धे अर्जदार शिकवील, अर्धे भागाबाई, कारण तांब्याचा भाग त्यांच्याकडे आहे. आपणही यावे. टोप आपल्याला बसेल असा श्री. कानडे यांचा अंदाज आहे. आट्यांना तेल लावलेले असेल आणि चाक्या मुलांना फक्त बोटांनी फिरवू दिल्या जातील, एका चाकीला एकच मूल. बाकीची वीस मुले खिडकीतून आपल्याकडे बघतील.

वा. ब. नाफडे

सोबत :
१. ३ मार्चच्या आदेशाची नक्कल.
२. आत कोणी नसल्याबद्दल हवालदारांचा कागद.
३. आत कोणी असल्याबद्दल श्री. कानडे यांचा शेरा.
४. बारावी चाकी जोडलेली नाही. ती तेल लावून जागेवर बसवली आहे.